डॉक्टरसाहेबांनी सरळ केलेला डोळा

सन्माननीय अध्यक्ष रिखबचंदशेठ, व्यासपीठावरचे धुळ्यातले मान्यवर, दवाखाना बंद करून मुलाकडे इंदूरला निघालेले आजचे सत्कारमूर्ती डॉ. लीलाधर वाणी, शेजारी बसलेल्या सौ. सुनंदाबाई, आणि एवढ्या उन्हात अगत्याने आलेल्या बंधुभगिनींनो,

मी पुष्पा. इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. डॉक्टरसाहेबांच्या बाहेरच्या खोलीत एका मुलीचे दोन फोटो आहेत, एकात डोळा तिरपा, दुसऱ्यात सरळ. ती मुलगी मीच. म्हणून तर संयोजक घरी आले, "ताई, पेशंटच्या वतीने चार शब्द तुम्हीच बोला."

साल पंच्याऐंशी. मी पहूरची, लग्नाची, डाव्या डोळ्याने चकणी. पाहुणे चहा पिऊन जायचे, निरोप यायचा नाही. साहेबांच्या हाताला यश आहे असं ऐकून आबा, म्हणजे माझे वडील, मला इथे घेऊन आले. डोळा ओढणारा स्नायू सोडवायचा, मागे सरकवून पुन्हा शिवायचा, एवढंच काम. इंजेक्शनने माझा डोळा बधिर होता, कान नव्हते. मध्येच साहेब "अरे!" म्हणाले. मग सिस्टरला म्हणाले, "चालायचंच. धागा दे."

पट्टी सुटली आणि आई आनंदाने रडली. डोळा अगदी सरळ! फोटो त्याच दिवशी काढला. मला मात्र त्या डोळ्यापुढे काळ्या माशा दिसत होत्या, विजा चमकत होत्या. मी सांगितलं. साहेब म्हणाले, "टाके विरघळले की जाईल." कडेने काळा पडदा चढू लागला, पुन्हा आलो. "फार विचार करतेस," म्हणाले. तिसऱ्यांदा आले तेव्हा अर्धं जग गेलं होतं. मग त्यांनी थेंब टाकले, बॅटरीने बराच वेळ पाहिलं आणि आबांना दाराबाहेर नेलं. मला आत सगळं ऐकू येत होतं.

"सुई जरा खोल गेली होती. आतला पडदा सुटलाय. आता इलाज नाही. पण डोळा सरळ आहे ना? कुठे बोलू नका, लग्न उरकून घ्या."

सभाजनहो, शिवणाऱ्याचा हात कधी चुकत नाही का? चुकतो. सुई खोल गेली, तो अपघात. पुढचं अपघात नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, माशा दिसल्या तेव्हाच पाठवलं असतं तर पडदा बहुतेक चिकटवता आला असता.

लग्न झालं, धरणगावच्या बन्सीलालशी. पण ज्या डोळ्याला दिसत नाही तो फार काळ जागेवर राहत नाही. माझा हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकला. सासूबाईंना, बेबाबाईंना, संशय आला. चार बायका जमवून त्यांनी माझा चांगला डोळा तळहाताने दाबला. "सांग वं, कितला बोटं शेतस?"

मी म्हणाले, "दोन."

सगळ्या हसल्या. सासूबाईंनी दुसरा हात उचललाच नव्हता. सगळ्यांत मोठ्याने बन्सीलाल हसला. सकाळी त्याने मला पहूरच्या गाडीत बसवून दिलं. आबांनी मरेपर्यंत माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

शिकून नोकरीला लागले, तेव्हा साहेबांकडे गेले. म्हटलं, निदान तो फोटो तरी भिंतीवरून उतरवा. साहेब हसून म्हणाले, "अगं, तो पाहूनच तर मुली ऑपरेशनला तयार होतात."

रिखबचंदशेठ, घंटी वाजवू नका, संपलंच माझं. सुनंदाबाई, तुम्ही रडू नका. तुम्हाला कोणी सांगितलंच नसेल. साहेब, त्या मुलींपैकी कितीजणींना माशा दिसल्या? मान खाली घालू नका. माईक इथे आहे.

नाही? बरं.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. आपण शांतपणे ऐकलंत, आपलेही आभार. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर सभेने ते पदरात घ्यावं. साहेबांची चूक मी घेतलेली नाही.