शिवप्पांचा दांडा

मत्सर हे पाप आहे, असे मी वर्गात तीस वर्षे शिकवले. म्हणून हेही सांगितले पाहिजे. शेजारच्या शिवप्पांनी आपल्या जुन्या गाडीचा सांगाडा ताठ व्हावा म्हणून बॉनेटखाली आडवा लोखंडी दांडा बसवला. अक्कलकोट रस्त्याच्या वळणावर त्यांची गाडी तसूभर कलेना. तितकीच जुनी माझी मात्र होडीसारखी डोले. मला ते साहवेना. गुपचूप, त्यांना तो दांडा करून देणाऱ्या रशीद मिस्त्रींकडे गेलो.

"मला शिवप्पांपेक्षा जाड दांडा हवा."

मिस्त्रींनी फळीवरून तयार दांडाच काढला. "शिवप्पांनी दोन करायला सांगितलं हुतं की! म्हनले, गुरुजी मागायचे न्हाईत, पर त्यांची गाडी लई झुकती."

मी मान खाली घातली आणि, देव मला क्षमा करो, विचारले, "त्यांच्याइतका तरी जाड आहे ना?"