कव्हरवरचं कोकरू

अय्याज : शेपूट बघा पास्टर साब, शेपूट! वर उभी हाय का न्हाई?

विश्वंभर : अय्याजभाई, उद्या ईस्टर, पुनरुत्थानाचा सण. सकाळी सहाला चर्चमध्ये पुनमच्या बाबांच्या गाण्यांचा अल्बम लागणार, दहाला यूट्यूबवर चढणार. तुमच्या दुकानातून छापून चर्चच्या फाटकावर फ्लेक्स लागायचाय. आणि तुम्ही आत्ता मला शेपूट दाखवताय?

अय्याज : मंग कवा दाखवू, छापल्यावर? मेंढीची शेपूट खाली लोंबती, शेळीची वर. कव्हरवर हे जे तुमी प्रभूच्या जागी देवाचं कोकरू म्हणून लावलंय ना, ते कोकरू न्हाईच. करडू हाय. शेळीचं!

पुनम : थांबा थांबा, मोठं करा ते. अजून मोठं. अगं माय! गळ्याखाली दोन लोंबत्या बी हायत! पास्टर, हे खरंच करडू हाय!

विश्वंभर : असं कसं होईल? मी नेटवर इंग्रजीत 'लॅम्ब' टाकूनच शोधलं होतं. पांढरंशुभ्र आहे, डोक्यामागं तेजोवलय आहे, पायाशी क्रूस आहे.

अय्याज : वलय मी लावलं साब. परवा, तुमच्यासमोर. क्रूस बी मीच चिकटवला.

पुनम : आन काल तुमी ते स्टेटसला ठेवलं! त्रेचाळीस जणांनी खाली 'आमेन' लिवलं. त्रेचाळीस! करडाला! एकाला बी कळलं न्हाई. मला बी न्हाई, मेंढक्याची पोरगी असून. म्या नुसतं बाबाचं नाव बराबर लिवलंय का तेवढंच बघत बसले.

अय्याज : मला तरी कुठं कळलं? आज छापायला मोठं केलं तवा डोळ्यात आलं. आमच्या अब्बानं बाळापूरच्या बाजारात चाळीस वर्षं बकऱ्यांचा धंदा केला. आज असता तर जोडा काढला असता माझ्यावर.

पुनम : पास्टर, गेल्या महिन्यात तुमीच शिकवलं ना? शेवटच्या दिवशी मेंढरं उजवीकडं सर्गात, शेरडं डावीकडं नरकात...

विश्वंभर : मला माहिती आहे मी काय शिकवलं ते.

अय्याज : मंग ह्याला डावीकडं सरकवू का?

विश्वंभर : हसा! हसून घ्या दोघं. मी पहिल्यापासून सांगत होतो, सिंह ठेवा. सिंह, मागं ज्वाळा, वर सोन्याचा मुकुट. नांदेडच्या त्या मोठ्या मंडळीचं कव्हर बघा, कसं चमकतं. दोन लाख लोकांनी बघितलंय.

पुनम : बाबाची आठ गाणी हायत. एकात तरी सिंह दाखवा. बाभळ हाय, विहीर हाय, पायात मोडलेला काटा हाय. 'काट्यात शिरलं माझ्या देवाचं कोकरू, लोकर राहिली बाभळीला.' इथं सिंह आणून काय करायचा, कोकरू खायला?

विश्वंभर : आणि प्रभूचं चित्र अय्याजभाई करत नाहीत.

अय्याज : ते न्हाई करणार. पहिल्याच दिवशी बोललो. ईसा अलैहिस्सलाम आमचे बी नबी हायत, नबीचा चेहरा म्या बनवत न्हाई. आन तुमी आणलेला तो फोटो! सोनेरी केस, निळे डोळे. असा माणूस बाळापूरच्या चौकात उभा राहिला तर लोक म्हणतील, टुरिस्ट हाय, औंढ्याच्या देवळाचा रस्ता इचारायला आलाय.

विश्वंभर : तुम्हाला गंमत वाटते. माझी तकलीफ कोणी विचारा ना. रविवारी आमच्याकडं नव्वद माणसं असायची. आता एकतीस. बाकीचे जातात नांदेडला, त्या मोठ्या हॉलमध्ये. तिथं धूर सोडतात, लाइटं फिरतात, माइकमध्ये फुंकर मारली की माणसं धडाधड पडतात. येताना अभिषेकाचं तेल, रुमाल. माझ्याकडं काय? वर पत्रे आणि एक कीबोर्ड. म्हटलं, निदान अल्बम तरी असा दिसावा की लोकांनी वळून बघावं.

पुनम : कीबोर्ड आला त्या दिवशी नव्वदच होते, पास्टर. पहिला माणूस कोण उठला सांगू? तो नांदेडला न्हाई गेला.

विश्वंभर : पुनम, नको.

पुनम : सांगते. माझा बाप उठला. भरल्या मंडळीत तुमी म्हणलात, ग्यानबा, टाळ कुटायचा असेल तर तिकडं नरसीला वारकऱ्यांत जा. बाबानं टाळ उचलला आन अनवाणीच चालत घरी आला. चपला पायरीवरच राहिल्या. दोन वर्षं झाली ह्याला.

अय्याज : साब! हे तुमी बोलले? ग्यानबाभाऊला?

विश्वंभर : बोललो. नवीन होतो. बायबल कॉलेजात आमच्या डोक्यात हेच भरलं होतं, की टाळ म्हणजे जुनं, जुनं म्हणजे मागं ओढणारं. आणि मग पुनमनं मोबाइलवर मला ती गाणी ऐकवली. ऐकताना माझं त्या दिवसाचं प्रवचन मी विसरून गेलो. म्हणून तर हा अल्बम काढतोय! चुकलं माझं. दोन वर्षं कळतंय मला.

पुनम : मला नका सांगू. ती गाणी बाबानं तुमच्यासाठी म्हणली न्हाईत. रानात मेंढरं बसवली होती, त्यांच्यात बसून म्हणत होता, म्या नुसता मोबाइल धरला. अल्बम काढते म्हणलं तर एवढंच बोलला, पोरी, गाणं ने, मला नको नेऊ. त्या एका गाण्यात मधीच मेंढरू ओरडतंय ना? तुमी काढ म्हणलात. म्या न्हाई काढलं. थांबा, फोन वाजून राहिला. सटवाजीमामाचा.

अय्याज : कोण सटवाजी?

पुनम : बाबा ज्यांची मेंढरं राखतो ते. करडाचा फोटो मघाशीच पाठवला म्या त्यांना. हां मामा, बोला! हां... काय म्हणता? खरं? खरं का मामा? हां हां, इथंच हाव, अय्याजभाईच्या दुकानात!

विश्वंभर : काय झालं?

पुनम : बाबा हसून राहिलाय! फोटो बघून पोट धरून हसून राहिलाय म्हणे! चर्चचं नाव काढलं की तोंड फिरवणारा माझा बाप, डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसतोय! आन म्हणला, शेरडाला देव करून राहिले का, थांब, मीच कोकरू घेऊन येतो. मेंढरं कळमनुरी रोडलाच एका वावरात बसवलीत. मामाच्या टेम्पोत निघाला बी!

अय्याज : अरे वा! थांबा, पडदा लावतो. बर्थडेचे फोटो काढायचा स्टूल कुठं गेला? पास्टर साब, तो लाइट पकडा. तो न्हाई, तो! घ्या, आता असली माल येऊन राहिला. नेट-बीट काही नको!

विश्वंभर : पुनम, फोन कर त्यांना. चांगलं पांढरं बघून आणा म्हणावं. अंगावर डाग नको.

पुनम : पास्टर, तीन वर्षं झाली तुमाला इकडं येऊन. आमच्याकडची मेंढरं कधी जवळून बघितली का हो?

(थोड्या वेळानं बाहेर टेम्पोचा हॉर्न. पुनम पळत जाते आणि छातीशी पोतं धरून परत येते.)

पुनम : आलं! बघा, नुसती मुंडी बाहेर काढून बसलंय! आठ दिवसांचं हाय.

अय्याज : आन ग्यानबाभाऊ? आत बोलव ना!

पुनम : येत न्हाई. पास्टर आत हायत का म्हणला. म्या व्हय म्हणलं. मंग हे माझ्या हातात दिलं आन टेम्पोला टेकून उभा राहिला.

विश्वंभर : पुनम, हे... हे काळं आहे.

पुनम : व्हय. काळंच हाय.

अय्याज : साब, इकडची मेंढरं काळीच जास्त. घोंगडी कोणत्या रंगाची असती?

विश्वंभर : ते ठीक आहे, पण कव्हरवर? देवाचं कोकरू म्हणजे निष्कलंक. काळा म्हणजे पाप, आम्ही संडे स्कूलमध्ये लहान मुलांना हेच शिकवतो. आधी कागदाचं काळं हृदय दाखवायचं, मग पांढरं. लोक काय म्हणतील?

पुनम : मी बी शिकले ते, तुमच्या आधीच्या पास्टरांकडं. सात वर्षांची होते. घरी येऊन कपड्याच्या साबणानं हात घासत बसले होते. आईनं इचारलं, काहून घासून राहिली गं? काय सांगू तिला? माझा रंग बघा पास्टर, बाबाचा बघा, तुमच्या एकतीस माणसांचा बघा. लई वाईट वाटलं होतं मला. अजून वाटतं.

विश्वंभर : ...मी तसं म्हणालो नाही.

पुनम : न्हाई म्हणलात. पण लेकराला तेच ऐकू येतं.

अय्याज : मी एक बोलू का? चर्चमधलं मला कळत न्हाई, जनावरातलं कळतं. ईदला लोक अब्बाकडं यायचे, बेदाग जनावर मागायचे. कुर्बानीला बेदागच लागतं. पण बेदाग म्हणजे पांढरं न्हाई, साब. लंगडं नको, आंधळं नको, आजारी नको. रंग कोणी इचारत न्हाई. काळं असो, लाल असो, काबरं असो.

विश्वंभर : काय म्हणालात? परत सांगा.

अय्याज : लंगडं नको, आंधळं नको, आजारी नको.

विश्वंभर : अहो, आमच्याकडं हेच आहे! बायबलात, लेवीयमध्ये! हेच शब्द जवळजवळ. आंधळं, मोडलेलं, खरूज झालेलं अर्पू नये. रंग... थांबा, मोबाइलवर काढतो. बघा, बाविसावा अध्याय. हे, हे बघा, रंगाचा एक शब्द नाही! कितीदा वाचलाय मी हा अध्याय! परीक्षा दिलीय ह्याच्यावर! आणि पांढरा रंग मी कुठून आणला?

पुनम : त्याच फोटोतून. निळ्या डोळ्यांच्या.

विश्वंभर : अय्याजभाई, काढा फोटो! हेच कोकरू, हाच रंग. नांदेडवाल्यांच्या बापाकडं असं कव्हर नसेल! ठेव गं पुनम स्टुलावर.

अय्याज : धरा धरा, पडलं! मशिनखाली चाललं! अरे, केबल चावतंय!

पुनम : घावलं, घावलं. पण हे थांबायचं न्हाई. किती ओरडतंय बघा. बाबाचा हात लागल्याशिवाय गप व्हायचं न्हाई.

अय्याज : मंग आता? तो आत येत न्हाई, हे त्याच्याबिगर आत राहत न्हाई.

विश्वंभर : दे माझ्याकडं.

पुनम : कुठं निघालात?

विश्वंभर : बाहेर. त्यांचं आहे, त्यांच्याकडं नेतो. तू येऊ नकोस. मलाच बोलायचंय.

पुनम : पास्टर, पण असं न्हाई धरत, मान आवळून राहिलीय... गेले.

अय्याज : ये, शटरपाशी ये. इथनं दिसतं. कॅमेरा घेतलाय म्या. काय बोलले?

पुनम : ऐकू येत न्हाई, ट्रॅक्टर चाललाय. पास्टर खाली बघून बोलून राहिलेत.

अय्याज : आन भाऊ?

पुनम : कोकराकडंच बघतोय. अय्याजभाई, बाबा टेम्पोत चढला तर?

अय्याज : न्हाई चढत. बघ, हात पुढं केला. कोकरू घेतलं का?

पुनम : न्हाई... घेतलं न्हाई. पास्टरचेच हात बराबर करून राहिलाय. एक छातीखाली, एक मागच्या पायाखाली. मला बी लहानपणी असंच शिकवलं होतं. गप झालं बघा कोकरू!

अय्याज : काढला! आला फोटो. हे बघ, कोणाचाच चेहरा न्हाई आला. नुसते चार हात आन मधी काळं कोकरू.

पुनम : हाच लावा. ह्याला वलय-बिलय काही नको.

अय्याज : वलय न्हाई लावत. आन शेपूट खाली हाय, ती पहिली बघून घेतली म्या. पडद्याचं काय करू? काढून ठेवू?

पुनम : पडदा राहू द्या. तो स्टूल पुसून इकडं सरकवा. बाबा आत येऊन राहिलाय.