सासूबाईंनी उघडलेलं नाक

...आणि वर मलाच म्हणतात, "सर्दीच तर आहे!" अहो, सुताराला झाली तर ती सर्दी, मला झाली तर गावाचं वाटोळं! तुम्हाला सांगतो, आमच्या जिम्माकडच्या शेतकऱ्यांच्या कॉफी सोसायटीत कुणाची कॉफी पास आणि कुणाची नापास, हे ठरवतं कोण? हे नाक! या गेमेचूचं नाक! शनिवारी चाखणी आणि बुधवारी दोन्ही नाकपुड्या बंद! कॉफी हुंगली काय नि चिखल हुंगला काय, सारखंच! अध्यक्ष तेरेफे दारात उभे, तोंड पाडून, "गेमेचू, नाहीच जमलं तर शहरातला माणूस बोलवावा लागेल हं..." म्हणजे माझी वीस वर्षांची नोकरी गेली की शेंबडात!

तेवढ्यात आमच्या सासूबाई आल्या. शिबिरेबाई. डोंगरापलीकडून पायी, पाठीवर गाठोडं. यांची पण कॉफी होती ना चाखणीला! दारातूनच सुरू, "माझ्यासारखी कॉफी पंचक्रोशीत नाही, जावईबापू. ते कळायला नुसतं एक नाक लागतं, आणि तेच तुम्ही बंद करून बसलात?"

झालं! गाठोड्यातून दामाकसेचा, आमच्याकडच्या सर्दीवरच्या झुडपाचा, पाला निघाला, तळहातावर चुरला, माझ्या नाकाशी दाबला. "ओढा!" ओढलं... डोळ्यांपुढे काजवे! मग निलगिरीची पानं घातलेलं उकळतं भांडं, वरून जाड चादर, आणि आत मी, रताळ्यासारखा उकडतोय! बायको, अयांतू, बाहेरून ओरडतेय, "आई, मरेल गं तो!" आणि आई थंडपणे, "मरत नाही. नाक वाजलं की काढते." मग आलं-लसूण-मधाचा काढा. मग डोक्यावर लोणी! हो, लोणी! ओघळ मानेवर आणि मांजर माझ्या मागे घरभर! मी कण्हतोय, कुरकुरतोय, पण तुम्हाला सांगतो, बाईंना मानलं! सत्तरी उलटलेली बाई, तीन दिवस धड जेवली नाही, माझ्या उशाशी बसून पाला चोळतेय. सख्ख्या आईनं याहून जास्त काय केलं असतं हो?

शनिवारी सकाळी... फट्ट! एक नाकपुडी. फट्ट! दुसरी! आणि सगळं जग आत घुसलं, ओली माती, शेजारचं बकरू, तव्यावरची आंबूस इंजेरा भाकरी... मला रडू आलं! बाईंना मानलं!

चाखणीला पेले मांडलेले, त्यांवर नुसते आकडे, कुठला कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही. फुर्रर्र... "वा, तीन नंबर, फुलांचा वास!" फुर्रर्र... "सात नंबर, मधाची गोडी!" अकरावा पेला उचलला आणि... हं? धूर? मी भर सभेत, छाती काढून, "ही कॉफी आहे की चुलीवरचं फडकं? पावसात वाळवायला पोतं चुलीवर टांगलंस ना, आळशी माणसा! बाहेर काढा!" टाळ्या! तेरेफे डोलतायत, "काय नाक, काय नाक!"

मग यादी उघडली. अकरा नंबर... शिबिरे.

टाळ्या बंद. मागच्या बाकावरून बाई उठल्या, गाठोडं उचललं आणि चालायला लागल्या. मी मागे धावतोय, म्हटलं आता या लेकीलाही घेऊन जातात! वळणावर थांबल्या.

"खरंच धुराचा वास होता?"

"होता, सासूबाई."

"कधी कळला? प्यायल्यावर?"

"नाही... पेला तोंडाला लावायच्या आधीच."

आणि बाई हसल्या हो! "म्हणजे औषध लागू पडलं!" मग माझ्या छातीवर बोट टेकवून, "पण जावईबापू, मी तुमचं नाक उघडलं होतं. तोंड उघडायला कोणी सांगितलं होतं?"

बाईंना मानलं! दुसऱ्या दिवशी गाढवावरून ती अख्खी नापास पोती माझ्या घरी हजर. "टाकून कशाला द्यायची? घरात पिणारा माणूस आहे!" तेव्हापासून सकाळी तीन पेले, दुपारी तीन, संध्याकाळी तीन, धुरकट, कडू... आणि नाक? मेलं चोंदायचं नाव घेत नाही!