तिसरी ओवी

(पाटोद्यातली एक गल्ली. गल्लीच्या कला-उत्सवाची संध्याकाळ. दगडाबाईच्या दारात जातं मांडलंय, समोर गल्लीतली माणसं बसलीत.)

सुकन्या : आत्याबाई, आता उठू नका ना. लोक बसलेत, माईक चालू आहे.

दगडाबाई : बसू दे. गल्लीचा कार्यक्रम हाय, ओव्या म्हणा, म्हणलीस. समोरच्या वट्ट्यावर घोंगडी विणायला कोण बसवलाय, ते न्हाई सांगितलंस.

सुकन्या : सांगितलं असतं तर सासूबाई माझ्या बसल्या असत्या का?

दगडाबाई : न्हाई.

सुकन्या : म्हणूनच. धुळाजीमामांसारखी घोंगडी आता कोण विणतं? सख्खा भाऊ पालीहून आलाय अन् तुम्ही तोंड फिरवून बसलाय.

दगडाबाई : भाऊ म्हणू नकू. माझ्या बबिताच्या लग्नात अक्षता पडायच्या टायमाला मामाचा पत्ता न्हाई. पोरीच्या पाठीशी उभा ऱ्हा म्हणून शेजारच्या बंकटला हात जोडले मी. सगळी गल्ली बघत व्हती.

सुकन्या : बरं, मग देवाची म्हणा, आई-बापाची म्हणा, अन् थांबा.

दगडाबाई : ओवी म्हंजी टीव्ही हाय व्हय, मधीच बंद कराया? पहिली देवाला, दुसरी आईबापाला, तिसरी भावाला. माझी तिसरीच अडती. म्हणून सात वर्सं झाली, जात्याच्या ह्या खुंट्याला हात लावला न्हाई मी.

सुकन्या : मग नुसतं फिरवा. फोटोपुरतं.

दगडाबाई : रिकामं जातं? अगं, रिकामं जातं फिरवत असत्यात का कुठं? दाणं कुठंयत?

सुकन्या : दाणे... रांगोळी काढली, हार घातला, दाणेच राहिले बघा. घरात तर सगळं गिरणीचं पीठ. थांबा, शेजारी बघते.

धुळाजी : शेजारी नकू जाऊ, पोरी. हे घे. दोन पसं ज्वारी हाय.

सुकन्या : मामा, तुम्ही ज्वारी घेऊन बसला होतात?

धुळाजी : बहिणीच्या गावाला रिकाम्या हातानं येत्यात व्हय? सकाळधरनं धोतराच्या सोग्यात बांधलीय. हितवर पाय उचलंना.

दगडाबाई : सुकन्या, इचार त्याला. लग्नादिवशी कुठं तडमडला व्हता?

धुळाजी : मेंढरं चारायला माजलगावाकडं व्हतो, अक्का. मेंढरांनी कवळी ज्वारी खाल्ली, तिचं इख भिनलं, एकामागून एक पडाय लागली. तशी टाकून कसा येऊ? दुसऱ्या दिवशी घोंगडी घिऊन आलतो. तू दार लावून घेतलंस.

दगडाबाई : मग बोलला कावून न्हाईस?

धुळाजी : बंद दाराला काय सांगू?

दगडाबाई : मला वाटलं, तुला आमची लाज वाटती.

धुळाजी : लाज कशाची, अक्का? भाचीच्या पाठीशी उभं राह्याचं राहून गेलं माझं. लई वाईट वाटतं. अजून वाटतं.

सुकन्या : आत्याबाई, लोक चुळबुळ करायलेत.

दगडाबाई : करू दे. धुळ्या, बस हितं. घाल दाणं. खुंटा जड झालाय, एक हात लाव.

धुळाजी : मी? जात्यावर? गल्ली हसंल की मला.

दगडाबाई : मला हसली तवा मी काय मेले न्हाई. धर.

सुकन्या : माईक जवळ घेऊ का?

दगडाबाई : ठिव तिथंच. ह्याला ऐकू आलं तरी बास.

सुकन्या : ...दोन ओव्या झाल्या, आत्याबाई. का थांबलात?

दगडाबाई : थांबले न्हाई गं. जरा दम घेते.
तिसरी गाते ओवी, पालीच्या वाटंला,
बंधू माझा धुळाजी, उभा हाय पाठीला.

धुळाजी : अक्का... दाणं सपलं.

दगडाबाई : मग काढ हात, रिकामं फिरवू नकू. दोन भाकरी व्हतील ह्याच्या. जेवूनच जा.