खिशातली चिठ्ठी आणि मालकांची पँट

नाही, पण कुलूप बनवणारे वेगळे आणि किल्ली बनवणारे वेगळे, आणि दोघं एकमेकांना विचारणार नाहीत, ह्याला काय कारखाना म्हणायचं का हो? तुम्हीच सांगा! मी पॅकिंगला. माझं काम सोपं. कुलूपवाले कुलपावर नंबर ठोकणार, किल्लीवाले किल्लीवर नंबर ठोकणार, आणि मी सारख्या नंबराची जोडी तारेनं बांधणार. कुलूप पाच, किल्ली पाच, बांध तार. एकवीस वर्षं तार बांधतोय, एकदा तक्रार नाही! आणि नेमकी माझी लेक बाळंत व्हायची, मी आठ दिवसांची रजा मंजूर करून घेतलेली, शुक्रवारी दोनची बस, ही पिशव्या घेऊन स्टँडवर हजर... आणि त्याच शुक्रवारी!

थांबा, आधीचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा पॅकिंगवाला डोक्यावर पडलाय.

आमच्याकडे एक फोरमनकाका होते. ते रोज सकाळी कुलूप विभागात जायचे, "काय ठोकलं रे?" विचारायचे, चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी शर्टाच्या खिशात, तसेच भिंतीला वळसा घालून किल्ली विभागात. झालं. अख्खा कारखाना त्या खिशावर चालला होता आणि हे कुणाला ठाऊकच नव्हतं! आम्हाला वाटायचं काका पाय मोकळे करायला फिरतात. काका रिटायर झाले. नारळ दिला, शाल दिली, भाषणं झाली... आणि खिसा गेला की हो त्यांच्याबरोबर!

मग मालकांनी कॉम्प्युटर आणले. एक कुलूपवाल्यांना, एक किल्लीवाल्यांना, एक विक्रीवाल्यांना. कुठल्या नंबराला कुठले दात, ही यादी दोघांना एकच; पण कुलूपवाल्यांच्या कॉम्प्युटरला जुनं वर ठेवायची सवय, किल्लीवाल्यांच्याला नवीन वर ठेवायची खोड. मधे एक भिंत. विचारेल का कुणी? छे! विचारलं तर मान खाली जाते. आणि काहीही विचारा, उत्तर एकच, छाती पुढे काढून: "आमच्या रजिस्टरला बरोबर आहे!" अहो, कॉम्प्युटर आला तरी म्हणायचं रजिस्टरच!

तर सहाशे कुलपांची ऑर्डर गेली. कुठे? नव्या पोहायच्या तलावाला, कपडे ठेवायच्या कपाटांसाठी. शुक्रवारी अकराला उद्घाटन. पाहुणे कोण? आमचेच मालक! फीत कापली, कपडे कपाटात ठेवले, आमचंच कुलूप खटकन लावलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि मारली उडी.

बारा वाजता मला फोन. तलावाचा मॅनेजर. "अहो, तुमची कुलपं लागतात फार छान!" मी म्हटलं, "थँक्यू." म्हणाला, "उघडत नाहीत." आमचं कुलूप दाबलं की लागतं हो, लागायला किल्ली लागतच नाही, तीच तर आमची जाहिरात! "ऐंशी माणसं ओली उभी आहेत," म्हणाला, "त्यात एक तुमचे मालक आहेत, कुलूप नंबर तीनशे, आणि ते फार शांत आहेत." मालक, आणि शांत!

मी फोन लावला कुलूप विभागात. "अरे, कुलूप तीनशेला किल्ली तीनशे लागत नाहीये, मालकांची पँट आत आहे!" पलीकडून सुपारी चघळत: "आमच्या रजिस्टरला तीनशे ठोकलंय. बरोबर आहे." किल्ली विभागात लावला. तिथल्या बाईंचा आवाज कसा, शाळेत हजेरी घेतल्यासारखा: "तीनशे दिलीय, तीनशे गेलीय, आमच्या रजिस्टरला बरोबर आहे, ठेवू?" विक्रीवाल्याला लावला. तो तर गोड! "काका, इथे दिसतंय ना, माल पोचला, ग्राहक समाधानी!" मी म्हटलं, "अरे, ग्राहक चड्डीवर उभाय!" म्हणाला, "ते आमच्या रजिस्टरला येत नाही काका."

गेलो पळत. काय दृश्य महाराजा! ऐंशी माणसं टॉवेल गुंडाळून ओळीनं, प्रत्येकाच्या गळ्यात किल्ली, प्रत्येकाची किल्ली चुकीची. आणि पुढे आमचे मालक. बावीस वर्षांत मी त्यांना टायशिवाय पाहिलं नव्हतं... हो, एकवीस, एकवीस. माणूस एवढा बारीक असेल असं वाटलं नव्हतं हो! दात वाजतायत. म्हणाले, "माझी पँट बाहेर आल्याशिवाय तू इथून हलायचं नाहीस." मी म्हटलं, "साहेब, दोनची बस... लेक..." म्हणाले, "पँट."

घेतल्या सगळ्या सहाशे किल्ल्या टोपलीत आणि बसलो मांडी घालून. एक नंबर, नाही. दोन, नाही. तीन, नाही. फोन वाजतोय. ही! "अहो, बस लागली." चाळीस, नाही. "अहो, कंडक्टर विचारतोय." दीडशे, नाही. "अहो, लेकीला नेलं आत, जावईबापूंचा फोन आला!" वरून मालकांच्या अंगाचं पाणी माझ्या डोक्यावर ठिबकतंय. डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं कशाला बोलू, आणि ते तलावाचं नव्हतं. दोनशे नव्व्याण्णव, नाही...

तेवढ्यात पाण्यातून आवाज: "दोघांची चिठ्ठी कोण नेतो रे आता?"

बघतो तर फोरमनकाका! पाठीवर तरंगतायत! रिटायर झाल्यावर पोहायला लागलेत. मी म्हटलं, "चिठ्ठी कुणीच नेत नाही काका." म्हणाले, "मग एकानं यादी वरून घेतली असेल, एकानं खालून. सहाशे एकातून कुलपाचा नंबर वजा कर." आणि गेले तरंगत पलीकडे.

सहाशे एकातून तीनशे गेले, किती? तीनशे एक! अहो, दोन किल्ल्या! दोन किल्ल्यांवर होती पँट! खट्! उघडलं. मालकांनी पँट छातीशी धरली, लेकरासारखी. मी उठलो, चप्पल घातली... तर मागे एकोणऐंशी टॉवेल. "आमचं काय?"

सव्वादोनला शेवटचं कपाट उघडलं. बस गेली होती. ही पण गेली होती, बरोबर केलं तिनं. तीनला फोन आला, "आजोबा झालात. मुलगी. नाक तुमच्यावर गेलंय, पण बाकी चांगली आहे."

मालकांनी मला रजेवर जाऊच दिलं नाही, सोमवारी मीटिंग घेतली. टेबलावर हात आपटला. "ह्यापुढे सगळ्या विभागांची माहिती जोडलेली पाहिजे!" टाळ्या. मला वाटलं, आता भिंत पाडतात. भिंत कुठली! मला एक शर्ट दिला. मोठ्या खिशाचा. रोज सकाळी कुलूपवाल्यांकडे जायचं, चिठ्ठी लिहायची, वळसा घालून किल्लीवाल्यांकडे. म्हणजे मी आता माणूस नाही, खिसा आहे!

म्हटलं, ठीक आहे, निदान रजा द्या, नातीचं तोंड बघून येतो. गेलो हजेरीच्या खिडकीवर. तिथल्यानं चष्मा वर केला, बोट फिरवलं. "रजा? तुम्ही तर शुक्रवारी दोनपासून रजेवरच आहात. अजून परत आलेला नाहीत."

म्हणजे बघा, हा मी तुमच्यासमोर उभा, खिशात चिठ्ठी, आत्ता किल्लीवाल्यांकडे निघालोय... आणि तिकडे कागदावर मी लेकीच्या घरी, नातीला मांडीवर घेऊन बसलोय, ती माझं नाक ओढतेय. भांडणार कुणाशी? आमच्या रजिस्टरला बरोबर आहे!