डाव्या हाताची काठी

तुम्ही डावरे की उजवे, तेवढं आधी सांगता का? — डावरे. मग बसा. म्हणजे कमळाच्या बाबांनी सांगितलं ते खरं म्हणायचं, गोडाऊनवर नवा साहेब आलाय, डावरा आहे, काठी बघायला येईल. त्या बाकावर बसा भाऊ, खुर्चीचा पाय हलतो. ते भिवंडीला गेलेत, साडेपाचच्या एसटीने येतील. मी त्यांची मंडळी, बकुळा. काठी ती बघा, दाराच्या मागे — घ्या, हातात घ्या. डोकं लोखंडी दिसतं पण आतून पोकळ आहे, वाजवून बघा हवं तर. वाजवून बघा, मारून नाही. नाही, अंगणातसुद्धा नाही. आम्ही घेतली तेव्हा आम्हाला कुठे मारून बघू दिली होती? काचांचं दुकान, डोक्यावर पंखा, दुकानदार म्हणाला, "लेने के बाद मारो जितना मारना है." तसंच तुम्ही. धरा, वजन बघा, पटलं तर न्या.

नवी म्हणजे — पाच वर्षं झाली घेऊन, पण खेळात एकदाही गेली नाही. मुठीवरचं काळं रबर बघा, कुठे झिजलंय का. मी अधूनमधून जाळी काढते तिने, खोटं कशाला सांगू, आणि शेवग्याच्या शेंगा ओढते. तेवढंच. आता तुम्ही विचारणार, शेतकऱ्याच्या घरात ही काठी आली कशी — सगळेच विचारतात. आमच्यात कोण खेळणार हा गोल्फचा खेळ. ब्याण्णव साली मला त्याचं नाव कळलं. तुमचं दोन नंबरचं गेट आहे ना, तिथे आमचं भाताचं शेत होतं. ते भाड्याने घेताना कंपनीचा माणूस याच ओटीवर चहा पिऊन म्हणाला, ज्याची जमीन त्याच्या घरात एक नोकरी. कागदावर नव्हतं, तोंडी होतं. पण माणूस चांगल्या कपड्यांतला, आम्ही धरून चाललो. आमच्या घरात नोकरीसारखं कोण — तर कमळा. एकच मुलगी. दहावी झालेली, भिवंडीला क्लास लावून टायपिंगची परीक्षा दिलेली, इंग्रजी चाळीसचा स्पीड. क्लासवाल्या बाई म्हणायच्या, हिची बोटं दिसत नाहीत. तुमच्या ऑफिसात तेव्हा टायपिंगला माणूस हवाच होता. तेव्हाचा साहेब — तुमच्या आधीचा नाही, त्याच्याही आधीचा — दीड वर्ष नुसता "देखेंगे, देखेंगे".

आणि इकडे दिघाशीचं स्थळ बसून. मुलाचा टेम्पो, घरची शेती, हुंडा नको, फक्त मुलगी लवकर द्या. कमळा रडली नाही की ओरडली नाही, तिने बाबांना सरळ विचारलं, नोकरी लागली तर? हे म्हणाले, लागली तर दिघाशीला न्हाय म्हनून कलवतो. न लागली तर तू मला न्हाय म्हनायचं न्हाय. पोरीने मान हलवली. असा सौदा झाला बाप-लेकीत, माझ्यासमोर, मी तांदूळ निवडत होते. मला कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. तेव्हा तिला एकोणिसावं चालू होतं.

तेवढ्यात गेटवरच्या वॉचमनने ह्यांच्या कानात घातलं — साहेब दर रविवारी मुंबईला गोल्फ खेळायला जातो, गाडीच्या डिकीत काठ्यांची अख्खी पिशवी, आणि त्यातली पहिला लांबचा फटका मारायची मोठी काठी, ड्रायव्हर म्हणतात तिला, ती तडकलीय. साहेब रोज तिच्यासाठी हळहळतो. झालं. साडी नको, पेढे नकोत, काठी द्यायची. साहेब म्हणेल, वळ गावच्या माणसाला बाकी काही नाही तरी पारख आहे. ह्यांनी दोन पोती भात विकलं आणि मला म्हणाले, चल.

मला का, तर मी जुनी मॅट्रिक. डब्यावरचं इंग्रजी वाचेन. लग्नाला वीस वर्षं झाली होती, बाजारात ह्यांनी मला एकदाही नेलं नव्हतं. म्हैस आणली तरी दारात हंबरल्यावर कळायचं मला, म्हैस आणली ते. त्या दिवशी मी निळी साडी नेसले. आता सांगायलाही लाज वाटते, पण मला आनंद झाला होता, लेकीची नोकरी एवढी अडलेली आणि मला कसला आनंद, तर नवरा दुकानात घेऊन चाललाय.

तर दुकानदार म्हणाला, बाहेरचा माल आहे, दोनच उरल्यात. दोन्ही काचेवर आडव्या ठेवल्या. एक लाकडी डोक्याची — चॉकलेटी पॉलिश, पाळण्याच्या खुंटासारखी गोल गरगरीत, दिसायला फार सुंदर. दुसरी ही. दोघींची तोंडं एकमेकींकडे होती, चपलांचा जोड ठेवावा तशी. मी ह्यांना हळूच म्हटलं, जोड आहे का हो हा? तर म्हणाले, गप ऱ्हा, गावंढळ दिसतंस. ह्यांनी लाकडी उचलली. धरली कशी, तर लाठी धरतात तशी, मधोमध. दुकानदाराचा माणूस मागे सरला, काच सांभाळायला. "वजन हाय," म्हणाले. मग ही उचलली. "ही हलकी. फसवंल." परत ती. परत ही. लाकडी दिली तर साहेब म्हणेल मुसळ आणलं घरचं, लोखंडी दिली तर म्हणेल पोकळ आणली. घाम आला ह्यांना. घराण्यात बैल पारखणारा माणूस, दात बघून वय सांगणारा — आणि हिला दात कुठले. शेवटी माझ्याकडे वळले. "तू शिकलेली हायस. तू बोल. कनची?"

भाऊ, वीस वर्षांनी विचारलं. मी लाकडी घेतली, तिचं डोकं जमिनीला टेकवून बघितलं तर मनगटच उलटं होत होतं, काहीतरी चुकल्यासारखं. मग ही घेतली आणि ही बसली. हात जिथे जायचे तिथे आपोआप गेले, डोकं फरशीला सपाट टेकलं. मी डावरी आहे, सांगायचं राहिलं. म्हणजे जन्माने. आई जेवताना माझा डावा हात फडक्याने पाटाला बांधायची, देवाला फूल वाहिलं डाव्या हाताने तर पाठीत धपाटा, सासरी आल्यावर भाकरी थापायलाही उजवाच. कात्री म्हणू नका, विळा म्हणू नका, माझ्या हाताला कधी कुठली वस्तू सरळ आलीच नाही. ही आली. म्हटलं, ही घ्या. एवढंच झालं. ह्यांनी घेतली.

साहेबाच्या ऑफिसात काय झालं ते ह्यांनी मला कधी पुरतं सांगितलं नाही, वॉचमनकडून कळलं. कागद सोडला, साहेब खूष झाला, उठून उभा राहिला, काठी जमिनीला टेकवली — आणि ती काही टेकेना. इकडून उभा राहिला, तिकडून उभा राहिला. मग हसायला लागला. हिशेबनीसाला बोलावलं, आतल्या दोघांना बोलावलं, त्यांनाही दाखवली. "हिरामण शेठ, ये तो उल्टे हाथ का है. किसने पसंद किया?" ह्यांनी सांगितलं, बायकोने. मग तर काय, पोट धरून हसले सगळे. बदलून आणतो म्हणावं, एवढं साधं ह्यांना सुचलं नाही. काठी परत हातात दिली आणि साहेब म्हणाला, लडकी का अगले साल देखेंगे.

हो, मलाही कळतं ते. काठीवरून कोणी नोकरी देत नाही की काढत नाही. नसेलही. त्या जागेवर महिन्याभरात साहेबाच्या ओळखीची बाई आली, तिचं आधीच ठरलं असेल. पण आमच्या घरात काठीवरूनच गेली. ह्या घरात पाच वर्षं तेच चाललंय. भाजीत मीठ जास्त पडलं, की हिने पसंत केलं असणार. पाहुणे बसले असले की तर विशेष — हिला इचारा, ही शिकलेली हाय, हिने साहेबाला उलटी काठी दिली. पाहुणे हसतात. मीही हसते, काय करणार.

काय म्हणालात? — दुकानदाराने नाही का सांगितलं, की ही डाव्या हाताची आहे?

सांगितलं नाही.

नाही, थांबा. तुम्ही बघा किती सरळ विचारलंत, इतक्या वर्षांत एका पाहुण्याने हे विचारलं नव्हतं. सांगितलं नाही, विचारलं. पावती करताना विचारलं, हिंदीत, अगदी स्वच्छ — "साहब उल्टे हाथ से खेलते हैं ना?" आणि हे म्हणाले, "हां, हां." आता ह्यांनी साहेबाला खेळताना कधी बघितलं होतं? पण बघितलं नाही असं त्या दुकानदारासमोर कसं म्हणणार, आधीच घाम पुसून झालेला. हां म्हणाले, पावती खिशात घातली. म्हणजे चूक कोणाची झाली, तुम्हीच सांगा. मी काठी दाखवली, हां तर ते म्हणाले ना. हे मी मनात किती वेळा म्हटलं असेल, चूल पेटवताना, पाणी भरताना. एक दिवस तोंडावर म्हणेन असं ठरवते. म्हणत नाही.

का म्हणत नाही, तर — मी तिथेच होते ना. ह्यांच्या खांद्याला लागून उभी. मला हिंदी कळत नाही का? भिवंडीत वाढले मी, चारही बाजूंनी माग, चारही बाजूंनी हिंदी. उल्टा हाथ म्हणजे काय हे मला नाही कळणार तर कोणाला कळणार. मी ऐकलं. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं, "ठाऊक नाही, विचारून येतो." वॉचमनला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. दोन दिवस उशीर झाला असता. पण मी पण नाही बोलले. काठी माझ्या हातात होती आणि मला वाटलं, असेल. एवढा मोठा साहेब, असेल डावरा. का नसावा? कोणीतरी मोठं माणूस असेलच की आपल्यासारखं, आणि त्याला माझ्या हाताने निवडलेली वस्तू जाईल, आणि तो म्हणेल ही कोणी निवडली. तेवढ्यासाठी. आणि बोलले असते तर ह्यांनी काठी माझ्या हातातून काढून घेतली असती आणि परत कधी विचारलं नसतं. एका क्षणात हे सगळं मनात येऊन गेलं, आणि माझी पोर त्यात कुठे नव्हतीच. तिची आठवणच नव्हती मला त्या क्षणी. आई म्हणवते मी.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे कोण जाणे.

कमळा बरी आहे. जावई वाईट नाही, वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. घरच्या बाईने गोडाऊनात जायचं नाही एवढंच त्याचं म्हणणं. तिला मुलगी आहे, चार वर्षांची. मागे जेवायला बसलो होतो, नातीने डाव्या हाताने घास घेतला तर कमळाने चटकन हात ओढला आणि उजवा ताटात घातला. दोनदा ओढला. तिसऱ्यांदा चापट मारली. माझ्याकडे बघून म्हणाली, आई, तुझ्यावर गेली. हसून म्हणाली, मनात काही ठेवून नाही, तिला काय माहीत. मी गप्प बसले. तिथेही गप्पच बसले.

काठी चांगली आहे, ते मी खात्रीने सांगते. कशी म्हणजे — एकदा मारलीय मी. झिजली नाही म्हटलं ते खरंच आहे, एकदाच. घरात कोणी नव्हतं. मागच्या आवारात कैरी ठेवली, लहान, कडक, आणि पदर खोचून मारली. गेली ती सरळ तुमच्या गोडाऊनच्या पत्र्यावर. धाडकन आवाज झाला, वॉचमन बाहेर येऊन वर बघत राहिला. मी घरात आले, दार लावलं, काठी होती तिथे ठेवली.

नाही, पैसे ठेवा ते खिशात. ठेवा म्हणते ना. पैसे घेतले तर ते विचारतील किती मिळाले, मग सगळं परत पहिल्यापासून. म्हणेन, साहेब घेऊन गेला. तुम्ही काठी घ्या आणि निघा, एसटी यायची वेळ झाली. समोरच्या रस्त्याने नको, विहिरीकडून जा, सरळ गेटाला निघतो. आणि भाऊ, हे महिन्याला भाड्याच्या कामाला तुमच्या ऑफिसात येतात, तिथे ह्यातलं काही बोलू नका. त्यांच्या त्या "हां"चं नको आणि माझंही नको.

कशाचं? सौद्याचं? त्याचं काय विचारता. हे ऑफिसातून आले, काठी दाराच्या मागे ठेवली आणि दिघाशीला निरोप पाठवला. कमळा नाही म्हणाली नाही, कबूल केलं होतं तिने. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दिघाशीची माणसं आली, आणि चहाचं ताट घेऊन कमळा बाहेर गेली.