तिसऱ्या हाकेची वाट

सुलाबाई : कडीवरचा हात काढ, भाग्यश्री. ये, माझ्यापाशी सरक. तुझ्या सासरची एक गोष्ट सांगते. ती ऐक, मग दार उघडायचं का नाय ते तुझं तू ठरव.

भाग्यश्री : आत्याबाई, विहिरीकडून बाईमाणसानं हाक मारली. तुम्ही ऐकली ना?

सुलाबाई : ऐकली. रोजच्याला टीव्ही मोठा करतात, आज लाइट नाय म्हणून तुझ्या कानावर पडली. पण एकच झाली.

भाग्यश्री : मग किती व्हायला हव्यात?

सुलाबाई : तीन. दिवे लागले की आपल्या मळ्यात तिसऱ्या हाकेशिवाय कुणी ओ देत नाय. जितं माणूस तिसऱ्यांदा बोलावतं. ते दुसरं असतं, ते दोनदाच.

भाग्यश्री : आमच्या सिन्नरला असं मोजत बसले असते, तर लाइट गेल्यावर कुणाला काडेपेटी मिळाली नसती.

सुलाबाई : यशोदा पण अशीच थट्टा करायची.

भाग्यश्री : म्हणजे ह्यांची आई? त्या तापानं गेल्या ना?

सुलाबाई : तसं सांगतात. दिवेलागणीला शेवंतीच्या वाफ्याला पाणी द्यायला गेली अन् विहिरीत पडली. मी तवा लासलगावी, सासरी. तिनं हाक मारली, साऱ्या घरांनी ऐकली. आवाज तिचाच. पण ते ओळखीच्याच आवाजात बोलावतं, हे सगळ्यांना ठाऊक. दुसरी हाक आली. तुझा मनोज लहान होता, तो ‘ओ’ द्यायला गेला, तर माझ्या भावानं, तुझ्या सासऱ्यानं, त्याच्या तोंडावर हात दाबला. अन् सगळे तिसरीची वाट बघत बसले.

भाग्यश्री : आणि तिसरी?

सुलाबाई : नाकातोंडात पाणी गेल्यावर कशी मारंल, बाई?

भाग्यश्री : मग त्या सापडल्यावर तरी कळलं असेल सगळ्यांना.

सुलाबाई : काय कळलं? म्हणाले, बघा, दोनच आल्या. म्हणजे ती हाक यशोदेची नव्हतीच. तवापासून कड्या आणखी लौकर लागतात. रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगीतली शिकलेली माणसं पण मोजतात आता.

(बाहेरून हाक येते : “मन्या...”)

भाग्यश्री : मन्या? ह्यांना असं कोण म्हणतं?

सुलाबाई : एकटीच म्हणायची.

भाग्यश्री : आत्याबाई, हे आत अंधारात तोंडावर हात दाबून बसलेत. संध्याकाळी दाढ ठणकते म्हणतात मला.

सुलाबाई : त्याची दाढ चांगली हाय गं. बापाचा हात निघाला, तिथं ह्यानं स्वतःचा ठेवला.

भाग्यश्री : उद्या आम्हाला मूल झालं, तर त्याच्याही तोंडावर ठेवतील.

सुलाबाई : ठेवंल की. प्रेमानंच ठेवंल.

भाग्यश्री : मी उघडते. पण भीती वाटते हो.

सुलाबाई : मला पण वाटती. कीर्तनात बुवा सांगतात, दुःखी जिवाच्या हाका देव मोजत नाय. आम्ही माना डोलावतो, अन् घरी आलो की कडी. पण वाईट करायचं असतं, तर इतकी वर्षं ती विहिरीपाशीच थांबली असती का? चल, मी कंदील धरते.

भाग्यश्री : काय म्हणू?

सुलाबाई : ‘ओ आई’ म्हण. अन् बाहेर कुणी दिसलं नाय, तरी माझ्या यशोदेची आठवण ठेव, पोरी. ह्या घरात तिचं नावसुद्धा कुणी घेत नाय.